सर्व्हर 'बंद करणे': मालवायचा, उतरवायचा की आवरायचा?

(कोल्हापूर परिसरातल्या लोकांची चर्चा. प्रत्येकाच्या नावाऐवजी त्याचं ठिकाण दिलंय.)

शाहूपुरी
घरच्या सर्व्हरवर चिकटवायला दोन ओळींची सूचना हवी आहे आणि ती एका क्रियापदावर अडली आहे. सर्व्हर म्हणजे जुना मिनी पीसी, ४ टेराबाइटची डिस्क आणि शेजारी ६०० व्हीएचा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारी बॅटरीची पेटी. सगळ्यांच्या फोनमधले फोटो त्यावर उतरतात. सूचना होती, "लाईट गेली तर पाच मिनिटांत सर्व्हर बंद करा." वाचणारा सरळ बोर्डावरचं बटण बंद करतो. त्याची चूक नाही, मराठीत 'बंद करा' म्हणजे तेच. मला सांगायचंय वेगळं: यंत्राला निरोप द्या, ते उघड्या फायली नीट मिटून ठेवेल, डिस्क सोडेल आणि स्वतःहून थांबेल. एवढ्या सगळ्याला एक मराठी शब्द आहे का? 'शटडाऊन करा' लिहिलं तर ज्याला कळतं त्याला या कागदाची गरजच नाही.

मंगळवार पेठ
शब्द आहे आणि चांगला आहे: मालवणे. वाऱ्यानं दिवा विझतो, माणूस तो मालवतो. विझणं आपोआप होतं, मालवणं कुणीतरी ठरवून, निगुतीनं करतं. म्हणजे लाईट जाऊन सर्व्हर 'विझला' आणि नीट थांबवला तर 'मालवला'. तुम्हाला हवा तो फरक भाषेत आधीपासून आहे. माझ्या मते मालवणे आणि मावळणे हा एकच शब्द, अक्षरं फिरलेला. नुकसानचं नुस्कान आणि मतलबचं मतबल होतं तसा.

राजारामपुरी
अक्षरं फिरतील, पण 'ल'चा 'ळ' कुठून आला? शिवाय सूर्य स्वतः मावळतो, त्याला कुणी मावळवत नाही. व्युत्पत्ती बाजूला ठेवली तरी मालवणे दिव्यालाच लागतं. पंखा मालवला, मोटार मालवली असं कोणी म्हणत नाही. मुळात 'बंद' हा फारसी शब्द सोडायचाच असेल तर 'समापन' घ्यावा. क्रमानं शेवटाकडे नेणं हा अर्थ त्यात आहे.

उद्यमनगर
भावा, शब्द नंतर, आधी क्रिया बघ. पेटीवर एक बटण असतं. ते एकदा दाबून सोडलं तर यंत्राला नुसता संदेश जातो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टममध्ये सगळ्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा लॉगइंड नावाचा भाग तो संदेश घेतो आणि मूळ सेटिंगनुसार सगळं क्रमानं थांबवतो. तेच बटण चारेक सेकंद दाबून धरलं तर वीज तोडली जाते, बोर्डावरचं बटण घालवल्यासारखीच. म्हणजे फरक 'दाबा' आणि 'दाबून धरा' यात आहे. घाबरलेला माणूस पहिल्या सेकंदात काही होत नाही बघून दाबून धरतो, आणि घात तिथं होतो.

शब्दच पाहिजे तर लेथवाल्यांकडं दोन आहेत. 'मशीन थांबव' आणि 'मेन पाड'. कुणाचा घोळ होत नाही. पूर्वी एका शाफ्टवर दहा मशीन चालायची, तेव्हा एक मशीन थांबवायला पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवायचे. शाफ्ट फिरतच राहायचा. वीज न तोडता काम थांबवायची रीत ती हीच. साखर कारखान्याचा हंगाम संपला की 'पट्टा पडला' म्हणतात, तेही इथूनच आलं असणार.

कसबा बावडा
उद्यमनगरवाले बटणाचं बरोबर सांगतात. बोर्डावरून तोडल्यानं नुकसान काय होतं तेही कागद लिहिणाऱ्याला माहीत पाहिजे. लिनक्स लिहिलेला डेटा लगेच डिस्कवर टाकत नाही, आधी मेमरीत धरतं. मूळ सेटिंगला साधारण ३० सेकंद जुना झालेला डेटा डिस्ककडे जातो, आणि ही तपासणी दर ५ सेकंदांनी होते. म्हणजे फोनवर 'अपलोड झालं' दिसलं आणि पुढच्या दहा सेकंदांत कुणी बटण घालवलं, तर तो फोटो नाव असलेली रिकामी फाइल म्हणून सापडू शकतो. डिस्कवर फायली मांडणाऱ्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टमला जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं, त्यामुळं फाइल सिस्टमचा सांगाडा सहसा वाचतो. आतला माल वाचेलच असं नाही. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एसडी कार्ड असेल तर आणखी वाईट. कार्डाचा आतला कंट्रोलर स्वतःची मांडामांड करत असतो आणि नेमकी तेव्हा वीज गेली तर कधी कधी सबंध कार्डच वाचता येत नाही.

घरात किती वेळा असं झालंय ते विचारायची गरज नाही. डिस्कची तब्येत सांगणारा स्मार्टसीटीएल हा प्रोग्राम 'उणे ए' लावून डिस्कवर चालवा आणि १९२ नंबरची ओळ बघा, पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट काउंट. बऱ्याच हार्ड डिस्क्समध्ये वीज अचानक तुटून वाचक हेड घाईनं मागं घ्यावं लागलं की हा आकडा वाढतो. तो १२ नंबरच्या पॉवर सायकल काउंटशी ताडून पाहा. दोन्ही आकडे जवळ असतील तर सर्व्हर नेहमी तोडलाच जातोय. काही कंपन्यांच्या डिस्क नीट थांबवतानाही १९२ वाढवतात, म्हणून आधी एकदा व्यवस्थित थांबवून आकडा हलतो का बघा.

आणि राजारामपुरी सर, 'बंद' फारसी आहे खरा, पण संस्कृत 'बंध' त्याचा सख्खा भाऊ आहे. आपण पंचगंगेवर बंधारा बांधतो, तो कुठल्या भाषेचा? ज्याला सगळा महाराष्ट्र केटी वेअर म्हणतो त्या बंधाऱ्याच्या नावातच कोल्हापूर आहे (केटी म्हणजे कोल्हापूर टाइप), आणि तो कसा बंद होतो? एकेक बरगा, म्हणजे अडवायची फळी, घालत. पाऊस यायच्या आधी एकेक काढत. एका झटक्यात काही नाही. 'बंद' शब्दात घाई मुळातच नाही, बोर्डावरच्या बटणानं ती आणली.

गडहिंग्लज
'वाढवणे' कुणीच कसं सुचवलं नाही? दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. नारळ वाढवतात, बांगडी वाढवते. अशुभ बोलायचं टाळून शेवट सांगायची ही आपली पद्धत.

मंगळवार पेठ
शब्द देखणा, पण इथं उलटा पडेल. 'सर्व्हर वाढवा' वाचलं की घरातलं पोरगं आणखी एक डिस्क लावायला निघेल.

गडहिंग्लज
मान्य. मग 'उतरवणे' घ्या. गुऱ्हाळात काहील, म्हणजे रसाची मोठी कढई, उतरवतात. आधी जाळ घालणारा जळव्या चुलवाणात चिपाड टाकायचं कमी करतो, मग गूळ करणारा गुळव्या हात देतो, मग काहील उतरते आणि रस वाफ्यात जातो. प्रत्येकाचं काम आधीच्यावर अवलंबून. सर्व्हर थांबतो तो असाच: आधी फोटोंची सेवा, मग तिच्या खालचा डेटाबेस, मग डिस्क, शेवटी वीज. हा क्रम चुकला तर डेटाबेस अर्धवट राहतो.

शाहूपुरी
क्रमाचं चित्र हुबेहूब आहे. पण 'उतरवणे' आम्ही डाउनलोडला वापरतो, फाइल उतरवून घे. शिवाय पेटी माळ्यावर आहे. 'सर्व्हर उतरवा' म्हटलं तर कुणी शिडी लावेल, आणि चालू हार्ड डिस्क हलवणं हे तर वीज तोडण्यापेक्षाही वाईट.

रंकाळा
आणखी एक घोळ राहिला. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरणारे बरेच आहेत, कारण त्याची बॅटरी हाच यूपीएस होतो. तिथं 'बंद कर' म्हणजे झाकण मिटणं. मूळ सेटिंगला झाकण मिटलं की यंत्र झोपतं, म्हणजे सर्व्हर गायब पण दिवा लुकलुकतोय. त्यासाठी लॉगइंडच्या कॉन्फ, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच'पुढं 'इग्नोर' लिहून रीस्टार्ट करावं लागतं. अशा लॅपटॉपची बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली ठेवू नका, बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर लावा. नाही तर काही काळानं ती फुगू शकते आणि टचपॅड वर उचलला जातो.

तेव्हा लॅपटॉप मिटणे, सर्व्हर थांबवणे, वीज तोडणे. तीन क्रिया, तीन शब्द. 'निजवणे' फक्त झोपेच्या अवस्थेसाठी राखून ठेवा.

राजारामपुरी
'काढणे'चंही तेच आहे. 'डिस्क काढा' म्हणजे यंत्रणेतून सोडवा, वायर उपसा की आतलं पुसून टाका? तिन्ही अर्थ चालू आहेत. तिथं 'आधी सोडवा, मग काढा' असं लिहिल्यावर कोणी चुकणार नाही. मी समापन मागे घेतो, पण एका क्रियेला एक शब्द हा आग्रह सोडत नाही.

कसबा बावडा
खरं सांगायचं तर ही सूचना माणसासाठी असूच नये. यूपीएसला यूएसबी डेटा पोर्ट असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स (नट) हे सॉफ्टवेअर बसवा. त्यातलं यूपीएसमॉन बॅटरी संपत आल्याचा इशारा मिळाला की सर्व्हर स्वतः थांबवतं. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी वाढलं की कुणाची वाट न बघता उघडतात, तसं.

स्वस्त ६०० व्हीएच्या बऱ्याच यूपीएसना पोर्ट नसतं. तिथं युक्ती अशी: घरातलं एखादं नेटवर्कवरचं यंत्र, वायफाय प्लग चालेल, यूपीएसवर न लावता सरळ भिंतीच्या सॉकेटवर ठेवा. राउटर यूपीएसवर. सर्व्हरवर क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून, दर मिनिटाला त्या प्लगला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' विचारा. सलग दहा वेळा उत्तर नाही आलं तर सर्व्हर नीट थांबवायचा, पॉवरऑफ. सलग मोजणं महत्त्वाचं, नाही तर वायफाय क्षणभर अडखळलं तरी सर्व्हर पडेल. आणि ते सॉकेट इन्व्हर्टरवर नाही ना, हे आधी तपासा. असेल तर लाईट गेल्याचं सर्व्हरला कळणारच नाही.

पाच मिनिटांची घाईही नको. आतली बॅटरी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. निम्मे हाती लागतात असं धरलं तरी ३० वॅटच्या भाराला नवी बॅटरी तासभर पुरावी. दोन-तीन उन्हाळे काढलेली असेल तर पाव तासाचाही भरवसा धरू नका. वळवाच्या पावसात लाईट जाते-येते, त्यामुळं दहा मिनिटं थांबलेलं बरं.

उद्यमनगर
दहा मिनिटांनी सर्व्हर थांबला आणि अकराव्या मिनिटाला लाईट आली, तर? यूपीएसमधून वीज तुटलीच नव्हती. बायोसमध्ये 'वीज आल्यावर चालू हो' लावलेलं असलं तरी त्याला वीज आल्याचं कळत नाही. पेटी तशीच बसून राहते आणि लोक म्हणतात सर्व्हर बिघडला. ज्या यूपीएसला हुकूम कळतो, त्याला शेवटी आपलं आउटपुट क्षणभर तोडायला सांगता येतं, नटमध्ये त्याला किलपॉवर म्हणतात. बाकीच्यांनी वेक-ऑन-लॅन, म्हणजे नेटवर्कवरून यंत्र उठवायची सोय, चालू करून ठेवावं आणि फोनवरून जागं करावं.

मंगळवार पेठ
जागं करणे! मग त्याची जोडी निजवणे झाली की. मालवण्याची जोडी लावणे. शब्द एकटा निवडता येत नाही, जोडीनं निवडावा लागतो.

शाहूपुरी
घरात सगळ्यांनी 'आवरा' सुचवला. दुकान आवरतात, स्वयंपाकघर आवरतात, पसारा जागच्या जागी ठेवूनच दार लावतात. अर्थ तंतोतंत बसतो.

रंकाळा
बसतो, पण 'सर्व्हर आवरा' वाचून ओलं फडकं घेऊन पुसायला जाणारेही निघतील.

उद्यमनगर
क्रियापदच नको. असं लिही: "पेटीवरचं हिरवं बटण एकदा दाबा आणि लगेच सोडा. पंखा थांबेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नका. कधी कधी दीड मिनिटही लागतं." वेळ लिहिलीस तर माणूस घाबरून दाबून धरत नाही. सिस्टमडी न ऐकणाऱ्या सेवेची मूळ सेटिंगला ९० सेकंदच वाट बघतं, म्हणून दीड मिनिट.

शाहूपुरी
हे छापतो. तरी घरात बोलताना म्हणायचं काय, ते राहिलंच.

गडहिंग्लज
बाहेरची डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर असेल तर पंख्यावर विसंबू नका. पंखा थांबल्यावरही ती काही सेकंद फिरते. तिचा दिवा जाईपर्यंत थांबा, असं लिहा.

मंगळवार पेठ
'दिवा विझेपर्यंत' लिहा. तो कुणी मालवत नाही.