अनुभव धागा: एआय कोड लिहायला लागल्यापासून तुमच्या नोकरीत काय बदललं?

मी १४ वर्षं जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करतोय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्याहून नाशिकला घरी आलो, तेव्हापासून इंदिरानगरमधूनच काम चालू आहे. २०२२ मध्ये गिटहब कोपायलट सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हा अर्धवट ओळ पुरी करून देणारी एक सोय एवढंच वाटलं होतं. आता क्लॉड कोड, कर्सर ही साधनं स्वतःच फाइली उघडतात, बदल करतात, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम) चालवून बघतात. माझा दोन दिवसांचा कंटाळवाणा भाग दुपारपर्यंत उरकतो, हे कबूल करायलाच हवं.

पण आमच्या टीममध्ये दरवर्षी दोन-तीन फ्रेशर यायचे. यंदा एकही नाही. कुणाला काढलं नाही, फक्त नवीन कुणी आलं नाही. मला तेच जास्त लागलंय. मी स्वतः पहिली दोन वर्षं दुसऱ्यांचे बग सोडवतच शिकलो. ती कामं आता टूलकडे जातात. मग पुढचा सीनियर तयार कुठे होणार?

नाशिककरांनो, मोकळेपणाने लिहा. फायदा झाला असेल तर तोही लिहा. कंपनीचं नाव नको.

सिडको, २०२५ चा पासआउट

दादा, तुम्ही म्हणताय ते फ्रेशर म्हणजे आम्हीच. कॅम्पसला मोजक्याच कंपन्या आल्या. एका मुलाखतीत माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट उघडायला लावला. लॉगिनचं टोकन संपल्यावर नवीन कसं मिळतं, असं विचारलं. तो भाग चॅटजीपीटीने लिहिलेला होता. चालत होता म्हणून मी कधी वाचलाच नव्हता. समोरचे सर रागावले नाहीत, शांतपणे 'ठीक आहे' म्हणाले. ते अजून डोक्यातून जात नाही. घरी येऊन तो भाग पुसला आणि हाताने लिहायला घेतला. नऊ दिवस लागले. आता कुणीही विचारा, सांगता येईल. पण विचारायला कुणी बोलवत नाहीये.

पिंपळगाव बसवंत, स्वतःचा छोटा व्यवसाय

मी कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. दोघंच आहोत. पूर्वी नवीन रिपोर्टला आठवडा लागायचा, आता एका दिवसात होतो. एआय नसतं तर तीन गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं असतं.

पण एक प्रसंग सविस्तर सांगतो. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर मिळणारा हिशेबाचा कागद, नव्याने करायला टूलला सांगितलं. कोड देखणा आला, सोबत टेस्टही लिहून दिल्या, सगळ्या पास. मी सवयीने एक जुनी पट्टी टाकून पाहिली: १८ क्विंटल ४० किलो, भाव १,५५०. एकूण २८,५२० बरोबर आले, पण हातात पडणारी रक्कम सुमारे १,१४१ रुपयांनी कमी. टूलने ४ टक्के आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याच्या रकमेतून कापली होती. राज्यात भाजीपाल्याची आडत २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची असते. टूलने जुनी पद्धत धरली, आणि टेस्टही त्याच समजुतीवर लिहिल्या, म्हणून त्या पास झाल्या. ती पट्टी तशीच छापून गेली असती तर कापले गेलेले पैसे कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या डिझेलचे होते. माझे वडील कांदा विकायचे, म्हणून मला ती रक्कम खटकली. तेव्हापासून चार पट्ट्या आधी कागदावर हाताने करतो, मगच कोड बघतो.

पाथर्डी फाटा, टेस्टिंग, ९ वर्षं

पिंपळगावच्या दादांचा अनुभव वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे रोज हेच चालतं. डेव्हलपर पूर्वी दिवसाला शंभर-दीडशे ओळी द्यायचे, आता हजार येतात. तपासणारे मात्र आम्ही तेवढेच. मीटर (METR) या एआय तपासणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांवर प्रयोग केला होता. एआय वापरून त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र वाटत होतं की २० टक्के वेळ वाचला. साधनं तेव्हापासून सुधारलीत हे खरं. पण हा फरक मी मॅनेजरला दाखवला, तेव्हा कुठे डेडलाइन दोन दिवस पुढे गेली.

नाशिक रोड, २१ वर्षं

मी सध्या बेंचवर आहे, म्हणजे कंपनीत आहे पण हातात प्रोजेक्ट नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. कारण एआय नाही, कौशल्यं जुळत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. माझी कंपनी वेगळी, पण मलाही हेच शब्द ऐकवले. घराचे हप्ते अजून सहा वर्षं आहेत. बायकोला सगळं सांगितलंय, आईला नाही. जास्त लिहवत नाही.

गंगापूर रोड, चार वर्षांच्या खंडानंतर परत

नाशिक रोडच्या दादा, आईंनाही सांगा. मी लपवलं होतं, त्याने त्रासच वाढला.

माझी बाजू जरा वेगळी आहे. मुलीच्या वेळी नोकरी सोडली, परत यायचं तर रिअॅक्टचं (वेबसाइट बनवायचं साधन) सगळंच बदललेलं. कुणाला विचारायचं तर लाज वाटायची. टूलला मात्र एकच प्रश्न दहादा विचारता आला. जुन्या कोडची एकेक फाइल समजून घेत तीन महिन्यांत काम मिळवलं. पगार आधीपेक्षा कमी आहे, पण काम माझं आहे.

पिंपळगाव बसवंत, परत एकदा

सिडकोच्या मित्रा, नऊ दिवस घालवून स्वतः लिहिलंस ना, तर ये. माझ्याकडे एक टेबल रिकामं आहे. पगार फार देता येणार नाही, बसभाडं आणि वर थोडे. पहिला महिना टूल बंद ठेवायचं. सोमवारी सकाळी माझ्याबरोबर मार्केटला चल, लिलाव बघ, पट्टी कशी होते ते बघ. लॅपटॉप नंतर उघडू.