एफएम खणखणीत, वेदर बँडवर खरखर

गाडीत नवा स्टिरिओ बसवल्यावर एफएम उत्तम लागतो पण वेदर बँडवर (अमेरिकेतल्या सरकारी हवामान-बातम्यांच्या रेडिओ चॅनेलांवर) खरखर, म्हणजे रेडिओच खराब, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो मला घाईचा वाटतो. अमेरिकेत एफएम केंद्रं १०० किलोवॅटपर्यंत दणका देतात. नोआ या अमेरिकी सरकारी हवामान संस्थेचे ट्रान्समीटर जास्तीत जास्त १००० वॅटचे, आवाका साधारण ४० मैल, मध्ये डोंगर आला की त्याहून कमी. त्यामुळे अँटेनातली जी खोट एफएमवर कळतही नाही, ती इथे लगेच उघडी पडते.

आधी वेदर बँडचे सातही चॅनेल (१६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ) फिरवून बघा. मग इंजिन बंद ठेवून डॅशकॅम (गाडीतला कॅमेरा) आणि यूएसबी चार्जर काढून बघा. खरखर कमी झाली तर चोर सापडला. स्वस्तातले चार्जर यात पटाईत असतात.

माझा खरा संशय अँटेनाच्या अँप्लिफायरवर, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या भागावर आहे. मागच्या काचेतल्या किंवा छतावरच्या शार्क फिन (माशाच्या परासारख्या) अँटेनाला बहुधा १२ व्होल्ट लागतात, आणि नवा स्टिरिओ लावताना ती वायर जोडायची राहून जाते. मल्टिमीटर लावून बघा. साधी दांडी काढून बुटकी रबरी अँटेना लावली असेल तर जुनीच परत लावा. या बँडला पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे १८ इंच लागतात, चार-पाच इंचांत भागत नाही.

हे सगळं उचकटण्याआधी हातातला वेदर रेडिओ घेऊन गाडीशेजारी उभे राहा. तोही तिथे खरखरला तर गाडी निर्दोष आहे.