बायबलच्या स्तोत्रसंहितेतला डोंगर नक्की कसला? आधाराचा की भीतीचा?

येऊरच्या_पायथ्याशी (ठाणे)
नमस्कार मंडळी. आमच्या मजल्यावरच्या एका ख्रिस्ती काकू मागच्या महिन्यात गेल्या. अंत्यविधीला १२१ वं स्तोत्र वाचलं, मी डोळे वर करून डोंगरांकडे बघतो, मला मदत कुठून येणार, ते. काकू रोज संध्याकाळी गॅलरीत येऊरच्या डोंगराकडे तोंड करून बसायच्या त्यामुळे मला ते ऐकून एकदम भरून आलं. आता त्यांच्या मुलीने कबरीच्या दगडासाठी ओळ निवडायला मला सांगितलंय, कारागीर म्हणतो एकच ओळ नीट बसेल. मला वाटलं हीच पहिली ओळ घ्यावी. पण घाई नको म्हणून मराठी बायबल आणून सगळी स्तोत्रं वाचली आणि जिथे जिथे डोंगर आला तिथे पेन्सिलने खूण केली, तर आता गोंधळच वाढलाय. १२५ मध्ये सियोन डोंगर कधीच हलत नाही, ९७ मध्ये डोंगर मेणासारखे वितळतात, ११४ मध्ये तर मेंढ्यांसारख्या उड्या मारतात! एकाच पुस्तकात हे सगळं कसं काय? कुणी मूळ हिब्रू जाणणारं असेल तर प्लीज सांगा. धर्मावरून वाद घालायचा नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

टेंभीनाका_जुना
ताई, आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ठाण्यातलेच. इथलं आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, १८७९ चं आहे, शाआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. १२१ वं स्तोत्र आमच्याकडेही पाठ असतं, बाळंतिणीच्या खोलीत ते लिहून लावायची ज्यू लोकांत जुनी पद्धत आहे, म्हणजे तुम्ही ते शेवटच्या निरोपाला ऐकलंत आणि आमच्यात ते जन्माच्या वेळी.
१२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं एका गटातली, त्यांना म्हणतात शीर हामाअलोत, चढणीची गाणी. वर्षातून तीन सणांना लोक जेरुसलेमला चालत जायचे तेव्हा वाटेत ही म्हणत असं बरेच जण मानतात, आपल्या वारीतल्या अभंगांसारखंच समजा. म्हणून १२१ मध्ये पुढे बघा काय काय येतं, पाय घसरणं, दिवसा ऊन, रात्री चंद्र, राखण करणारा झोपत नाही. हे सगळं वाटेवरच्या माणसाचं बोलणं आहे. त्याला समोर डोंगर दिसतायत आणि ते पार करायचेत, तिथे दरडी असतील, लुटारू असतील. म्हणजे तो डोंगर बघून काळजीत पडलाय असंही वाचता येतं.
आणि १२५ चं म्हणाल तर जागा बघावी लागते. जेरुसलेम साधारण आपल्या माथेरानइतकं उंच, पण तिथली देवळाची टेकडी, म्हणजेच सियोन, आजूबाजूच्या टेकड्यांपेक्षा बुटकीच, समोरचा जैतुनांचा डोंगर तिच्याहून उंच आहे. म्हणून कवी म्हणतो जसे जेरुसलेमभोवती डोंगर तसा देव आपल्या लोकांभोवती. तिथे उभं राहिलं की चारी बाजूंनी कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत असणार.

पारसिकवाला_बेलापूर
वरच्यांशी सहमत, फक्त एक मुद्दा घालतो जो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या काळी आसपासच्या सगळ्या लोकांचे देव डोंगरावरच राहायचे. सीरियात रास शमरा इथे १९२९ पासून उत्खनन झालं, उगारित नावाचं जुनं शहर, तिथल्या मातीच्या पाट्यांवर बआल नावाच्या देवाचं घर साफोन डोंगरावर असल्याचं लिहिलंय. आता ४८ वं स्तोत्र काढा, त्यात सियोनलाच साफोनच्या टोकाशी असलेला डोंगर म्हटलंय! साफोन म्हणजे उत्तर दिशा पण होते, तरी सियोन काही त्या उत्तरेत नाही. म्हणजे कवी म्हणतोय की तुमच्या उंच डोंगराचा मान आमच्या या छोट्या टेकडीला मिळाला. ६८ मध्ये तर बाशान या डोंगराळ प्रदेशाच्या शिखरांना थेट विचारलंय की देवाने राहायला निवडलेल्या डोंगराकडे असं हेव्याने का बघता. त्यामुळे उंचीला तिथे भाव नाही, कुणी निवडलं याला आहे.

येऊरच्या_पायथ्याशी
दोघांचे खूप आभार. पण मग ९७ मध्ये डोंगर वितळतात ते कशामुळे? आणि १२१ ची पहिली ओळ भरवशाची आहे की भीतीची, मला तर तेच ठरवायचंय.

टेंभीनाका_जुना
वितळण्याचं सोपं आहे असं मला वाटतं. आपण नाही का म्हणत डोंगराएवढं दुःख, म्हणजे माप सांगायचं तर डोंगराहून मोठं काय आणणार? हिब्रू कवीही तेच करतो. ९० मध्ये म्हणतो डोंगर जन्मायच्या आधीपासून तू आहेस. ४६ मध्ये डोंगर समुद्रात पडले तरी भिणार नाही. यशया या बायबलमधल्याच दुसऱ्या पुस्तकात ५४ व्या अध्यायात डोंगर सरकतील, टेकड्या हलतील, पण माझी माया तुझ्यापासून हलणार नाही. सगळ्यात पक्की वस्तू समोर ठेवायची आणि मग याहून पक्कं सांगायचं. डोंगराला कमी लेखलेलं नाही त्यात, उलट त्याच्याइतकं टिकाऊ दुसरं काही माहीतच नव्हतं म्हणून तोच घेतला.
आणि तुमच्या ओळीबद्दल. मूळ शब्द आहे मेआयिन, म्हणजे कुठून. तो प्रश्नच आहे. काही जुन्या भाषांतरांत तो असा आलाय की मदत डोंगरांकडूनच येते असं वाटतं, पण उत्तर पुढच्या ओळीत आहे, ज्याने आकाश आणि पृथ्वी केली त्याच्याकडून. हिब्रू कवितेत अशा ओळी जोडीनेच चालतात, एक उचलली की दुसरी लंगडते. म्हणून ताई, नुसती पहिली कोरलीत तर तुमच्या काकू कायम विचारतच राहतील.

येऊरच्या_पायथ्याशी
हे वाचून अंगावर काटा आला. आत्ताच काकूंच्या मुलीशी फोनवर बोलले. दोन्ही ओळी घेतोय, अक्षरं बारीक झाली तरी चालतील म्हणाली.