फर्किन पिंपातली बिअर चौथ्या दिवशी आंबते, तळाची गढूळ: कुठं चुकतंय?

लीड्सकर
मंडळी, यॉर्कशरमधल्या गावात छोटा पब आहे. तळघर जेमतेम तीन मीटर बाय तीन, कूलर १२ अंशांवर. दोन फर्किन (बिअरची पिंपं) घोडीवर, म्हणजे पिंप ठेवायच्या चौकटीवर, आडवी, पाचरी मारून. पिंपं मंगळवारी येतात, तोटी गुरुवारी ठोकतो. रोजचा खप साधारण १५ पाइंट. पहिले दोन दिवस बिअर झकास. चौथ्या दिवशी आंबूस वास, जीव गेलेला, आणि शेवटचे १५-२० पाइंट गढूळ. गर्दीच्या वेळी हातपंप ओढला की तोटी गुडगुडते. आल्या दिवशी पिंपाच्या वरच्या बुचात मारलेली मऊ खुंटी पिंप संपेपर्यंत तशीच असते. काय बदलू?

तळघरवाले
तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यातच घोळ आहे. खुंट्या दोन प्रकारच्या का देतात? मऊ खुंटी बांबूची, सच्छिद्र, गॅस सोडायला. कडक खुंटी गॅस कोंडायला. पिंपातलं यीस्ट जिवंत असतं, त्यामुळे सुरुवातीला जादा गॅस बाहेर काढावा लागतो. पण मग वाट बंद करायची असते. तुमची वाट रात्रभर उघडी राहते, गॅस निघून जातो आणि बिअर मेल्यासारखी लागते.

क्रम असा ठेवा. पिंप घोडीवर चढवा, तळघराच्या तापमानाला येऊ द्या, मग वरच्या बुचाच्या मधल्या खळग्यात मऊ खुंटी मारा. फेस उसळेल. खुंटी फेसाने बुजली तर बदला. दर काही तासांनी फेस स्वच्छ पुसून बघत बसा: चार-पाच सेकंदांत पुन्हा बुडबुडे आले तर अजून वेळ आहे. अर्धा मिनिट काहीच नाही, तर लगेच कडक खुंटी. पुढचं बूच सॅनिटायझरने पुसून स्वच्छ, बंद तोटी लाकडी मोगरीच्या एका सरळ ठोक्यात बसवायची, विक्रीच्या किमान २४ तास आधी. घाबरत पाच-सहा ठोके घातले की गाळ हलतो.

विक्री सुरू करताना कडक खुंटी काढा, बंद करताना घट्ट बसवा. रोज, न चुकता.

गुडगुडण्याचं कारणही खुंटीच. सुरुवातीला तिच्यातून गॅस जातो, पण पुढे वाळलेल्या फेसाने ती बुजते. बिअर बाहेर जाते, पण आत हवा यायला वाट नाही, म्हणून पोकळी तयार होते आणि मग तोटीतूनच हवेचा घोट आत जातो. तो थेट गाळ ढवळतो.

हातपंप
वरचं सगळं बरोबर, पण खरं दुखणं खपाचं आहे. फर्किन म्हणजे ९ गॅलन, ७२ पाइंट. तोटी सुरू झाल्यावर तीन दिवसांत पिंप संपायला हवं, तुमचं पाच दिवस चालतं. विकलेल्या बिअरच्या जागी हवा येते, हवेबरोबर आंबवणारे जिवाणू येतात. खुंटीने हे लांबवता येतं, टाळता येत नाही. साडेचार गॅलनचं पिन मागवा. ३६ पाइंट, तुमच्याकडे अडीच दिवसांत संपेल. सगळे ब्रुअर (बिअर बनवणारे) देत नाहीत, आधी विचारा. तोवर दोन फर्किन एकदम उघडू नका.

तळाच्या गढूळपणासाठी: पिंप कधी कलवता? अर्ध्यावर येण्याआधी, विक्री नसताना, मागची बाजू दोन-तीन इंच अगदी हळू उचलून पाचर सरकवायची. ऐन गर्दीत, पंपाची धार कमी झाल्यावर कलवलं तर गाळ उठणारच.

लीड्सकर
कलवतो ते संध्याकाळीच, धार कमी झाल्यावर! समजलं. कास्क ब्रीदर लावला तर? आणि गढूळ झालेलं पिंप पुन्हा निवळतं का?

तळघरवाले
ब्रीदर बाहेरच्या हवेऐवजी साध्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड आत सोडतो, त्यामुळे काही दिवस जास्त मिळतात. कॅमरा या पारंपरिक पिंपातल्या बिअरचा पुरस्कार करणाऱ्या ब्रिटिश संघटनेचा त्याला विरोध होता, तो २०१८ मध्ये मागे घेतला. पण नऊ चौरस मीटरच्या बंद तळघरात सिलिंडर ठेवणार असाल तर गॅसचा अलार्म आधी बसवा.

निवळण्याबद्दल: बिअर निवळावी म्हणून पिंपात आयसिंगग्लास घातलेलं असतं, ते तुरटीसारखं काम करतं, यीस्ट गोळा करून तळाशी नेतं. हलवलं तरी दोन-तीनदा निवळतं, नंतर दमतं. तळघर फार गरम झालं तर तेही निकामी. उलट १० अंशांखाली गेलं तर थंडीने धुरकट दिसते, तो दोष तापमानाचा. पेला थोडा गरम झाला की साफ होते.

हातपंप
एक जोड. आयसिंगग्लास माशाच्या हवेच्या पिशवीपासून काढतात. शाकाहारी गिऱ्हाईकाने विचारलं तर सरळ सांगा, नाहीतर आयसिंगग्लास न घातलेली बिअर वेगळी मागवा. आणि नळ्या दर सात दिवसांनी क्लीनरने धुवा, मग साध्या पाण्याने भरपूर. सकाळचा पहिला पाइंट रात्रभर नळीत बसलेला असतो, तो ओतून द्या.