बोलोन्यात संसार मांडायचाय: पुण्यातून काय न्यावं आणि काय नेऊ नये?

कर्वेनगरी
होणारा नवरा इटलीतल्या बोलोन्याचा आहे. लग्न पुण्यात, विशेष विवाह कायद्याखाली. नंतर मुक्काम तिकडेच. मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. तीन गोष्टींवर नेमकं हवंय.
१) बॅगेत काय भरू? आई तुपाची बरणी, आंबा बर्फी आणि कढीपत्ता यांवर अडून बसली आहे.
२) तिकडच्या पिठाच्या पोळ्या वातड होतात म्हणतात. मग कणीकही न्यायची का?
३) दर रविवारी सासूबाईंकडे जेवण असतं. उपाशी उठायचं नाही आणि त्यांना दुखवायचंही नाही.
कागदपत्रांतल्या खाचाखोचा कुणी सांगितल्या तर सोन्याहून पिवळं. "पास्ता खायला शिक" एवढं सोडून कुठलाही सल्ला चालेल.

जात्यावरचं
आधी आईंना समजवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, बर्फी, पनीर सगळं त्यात आलं. घरचं असो वा दुकानातलं सीलबंद, सापडलं की जप्त, वर दंडही होऊ शकतो. ताज्या फळभाज्यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे हापूस आणि ताजा कढीपत्ता बाद. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. म्हणजे नारळ खुशाल न्या. कढीपत्ता न्यायचाच तर त्याची कोरडी चटणी करून.

तूप तिथे कढवा. लोणी सहसा बिनमिठाचंच मिळतं आणि त्यात ८२ टक्के स्निग्धांश असतो. २५० ग्रॅमच्या वडीतून साधारण २०० ग्रॅम तूप सुटतं.

बॅगेतलं वजन गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं, साबुदाणा आणि हिंगावर खर्च करा. हिंग दोन डब्यांत, एकात एक. नाहीतर सगळ्या साड्या हिंगाळतात. मसूर, छोले, चवळी नेऊ नका, तिकडे कुठल्याही सुपरमार्केटात असतात. बेसनही मिळतं, 'फारीना दी चेची' या नावाने, कारण तिकडच्या लिगुरिया प्रांतात त्याची फारिनाता, म्हणजे भाजलेली पोळीसारखी धिरडी, करतात. मात्र ते काबुली चण्याचं असतं आणि फार मऊ दळलेलं. पिठल्याला उत्तम, लाडवाला कुचकामी, रवाळपणा येतच नाही. तूरडाळीसाठी स्टेशनामागच्या बोलोन्यीना भागातली बांगलादेशी-पाकिस्तानी दुकानं पाहा. तिथे 'चिरा' म्हणून जे विकतात ते पोहे, आणि 'मुरी' म्हणजे कुरमुरे.

आता पीठ. कणीक नेऊ नका, पाच किलो म्हणजे बॅगेचा पाव हिस्सा गेला. पोळी वातड होते याची कारणं दोन. पहिलं, लोक '००' उचलतात, तो आपला मैदाच. पाकिटावरचा आकडा पीठ किती बारीक आहे हे सांगत नाही, कोंड्याचा अंश किती उरला हे सांगतो. तो पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेवरून मोजतात. '००' मध्ये जास्तीत जास्त ०.५५ टक्के राख, '०' मध्ये ०.६५, '१' मध्ये ०.८०, '२' मध्ये ०.९५ आणि 'इंतेग्राले'त, म्हणजे कोंड्यासकटच्या पिठात, १.३० ते १.७०. दुसरं कारण इंतेग्रालेचं. दिसतं आपल्या कणकेसारखं, पण बहुतेक वेळा ते रोलरच्या गिरणीत दळून वरून कोंडा मिसळलेलं असतं. आपल्या चक्कीत दगडाखाली पिठातला स्टार्च जास्त फुटतो, म्हणून कणीक भरपूर पाणी पिते आणि पोळी डब्यातही मऊ राहते. तिकडच्या पिठात तेवढंच पाणी घातलं तर हाताला चिकटतं. कमी घातलं तर कोंडा मागाहून पाणी ओढत बसतो आणि तासाभरात पोळीचा पापड.

म्हणून 'तीपो २', म्हणजे वरचं '२' आकड्याचं पीठ, घ्या आणि पाकिटावर 'माचिनाता आ पिएत्रा', म्हणजे दगडावर दळलेलं, असं लिहिलंय ना ते पाहा. ३०० ग्रॅम पिठाला १९० मिली कडकडीत नाही पण चांगलं गरम पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर मीठ. झाकून ४० मिनिटं ठेवा. ही मिनिटं वाचवायला गेलात की लाटताना कडा फाटतात. पाकिटावर प्रथिनं १२ टक्क्यांच्या आत हवीत. 'मानितोबा' नावाचं पीठ ब्रेडसाठीचं, १३-१४ टक्क्यांचं. त्याची पोळी लाटली की रबरासारखी आक्रसते.

खपली_गहू
बाकी सगळं पटलं, पण निव्वळ तीपो २ ची पोळी मला थोडी मरगळलेली वाटते. त्यात चौथा हिस्सा 'सेमोला रिमाचिनाता' घाला. तो ड्युरम गहू, म्हणजे आपल्या बन्सीचाच भाऊबंद, दोनदा दळलेला. चव आणि रंग दोन्ही सुधारतात. अर्ध्याहून जास्त मात्र नको, पोळी चिवट होते. आणि आजीची खपलीची खीर करायची असेल तर तिकडचा 'फार्रो दिकोक्को' म्हणजे तोच गहू. नुसतं 'फार्रो' वाचून घेऊ नका, 'स्पेल्ता' ही जात वेगळी. ज्वारीचं पीठ ग्लुटेनमुक्त पदार्थांच्या फळीवर 'सोर्गो' नावाने मिळतं, महाग पडतं.

ढोकळा करणार असाल तर एक सापळा: बेकिंग पावडरच्या बहुतेक पुड्यांत व्हॅनिला असतो. 'वानिलियातो' दिसलं की परत ठेवा. 'तोर्ते सालाते', म्हणजे तिखटमिठाच्या केकसाठीची पुडी घ्या, किंवा सरळ खायचा सोडा आणि लिंबू. तसंच चिंचेचं. 'तामारिंदो' लिहिलेली बाटली म्हणजे बहुधा साखरेचं सरबत, आमटीत ओतलंत तर आमटी गेली.

रविवारचं_ताट
रविवारच्या जेवणाबद्दल. आधी आंतिपास्तो म्हणजे तोंडी लावणं, मग प्रीमो म्हणजे पास्ता किंवा भात, मग सेकोन्दो म्हणजे मांस किंवा मासे, सोबत भाज्यांचा कोन्तोर्नो, शेवटी गोड आणि कॉफी. तुमचं पोट प्रीमोवर भरायचं, तिथे दुसऱ्यांदा वाढून घेतलंत तर सासूबाई खूश. सेकोन्दोला कोन्तोर्नो मागून घ्या.

बोलोन्या शाकाहाऱ्यासाठी इटलीतलं अवघड शहर. तोर्तेल्लिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणात डुकराचं मांस असतं, पास्त्यावरचा रागू मांसाचाच, क्रेशेन्तीने या पावाच्या पिठात बऱ्याचदा 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी असते. "यात मांस आहे का?" असं विचारलंत तर "छे, नाही" हेच उत्तर येईल, कारण चरबी, हाडांचा रस्सा आणि अँचोवी हे छोटे मासे यांना तिकडे कुणी मांस धरत नाही. म्हणून एकेक वस्तूचं नाव घेऊन विचारा: स्त्रुत्तो? पान्चेत्ता (खारवलेलं डुकराचं मांस)? आच्चूगे (अँचोवी)? ब्रोदो, म्हणजे रस्सा, भाजीचा की मांसाचा? हे नवऱ्याने आधी फोनवर विचारायचं. ताटावर बसून चौकशी वाईट दिसते. त्या घरात हक्काने मागावं असं म्हणजे रिकोता या मऊ चीजचं सारण भरलेले तोर्तेल्लोनी, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेले.

त्यातही पार्मिज्यानो चीज असतं, आणि खरा पेच तोच. पार्मिज्यानो रेज्यानो नियमानेच वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, बनतो, ग्राना पादानोही तसाच. हे चालणार की नाही ते लग्नाआधी ठरवा आणि एकदाच सांगा. आज खाल्लं आणि पुढच्या रविवारी नको म्हटलं तर त्यांना समजणारच नाही. नाही चालणार असेल तर 'काल्यो वेजेताले', म्हणजे वनस्पतीजन्य रेनेट, असं लिहिलेली चीज पाहा. मास्कारपोने हे मलईचं चीज आम्लाने फाडतात, त्यात रेनेट नसतं. पान्ना कोत्ता हा मलईचा गोड पदार्थ टाळा, त्यात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं.

हॉटेलात युरोपीय नियमानुसार १४ ॲलर्जींची माहिती द्यावी लागते. ती मागून घ्या. मासे, अंडं, दूध त्यात कळतं. चरबी आणि रेनेट कळत नाही. पिझ्झात 'मारिनारा' म्हणजे टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, चीजही नाही.

जाताना मिठाईच्या दुकानातून छोट्या पेस्ट्र्यांचा ट्रे न्या, तशी रीत आहे. फुलं न्यायची तर शेवंती अजिबात नको. आपल्याकडे तोरणाला लावतो ती तिकडे २ नोव्हेंबरला कबरीवर वाहतात.

नोटरी_काका
कागदांचं थोडक्यात. विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस, दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य आणि तीन साक्षीदार. मुलगा परदेशी असला की लग्नाला हरकत नसल्याचा दाखला मागतात. मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासातून तो नोटिशीआधीच काढा.

ताई, नावावर लक्ष ठेवा. लग्नानंतर पासपोर्टावर आडनाव बदलू नका. इटलीत बायका कागदोपत्री माहेरचंच आडनाव वापरतात, बदललेलं नाव तिथे फक्त गोंधळ घालतं. जन्मदाखला, विवाह दाखला आणि पासपोर्ट यांत नाव अक्षरन्‌अक्षर सारखं हवं, वडिलांचं नाव धरून. जुन्या जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसतं, ते महापालिकेत आताच चढवून घ्या. मग राज्याचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य ठरवणारा शिक्का), आणि त्यानंतरच इटालियन भाषांतर; अपोस्टिलचंही भाषांतर करावं लागतं. विवाह दाखला दूतावासामार्फत नवऱ्याच्या कोमूनेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोंदवला जातो.

पोचल्यावर राहण्याच्या परवान्याचा अर्ज ८ कामकाजाच्या दिवसांत. 'कोदीचे फिस्काले', म्हणजे कर-ओळख क्रमांक, मिळाला की तिथल्या तिथे तपासा. अक्षरं आणि अंक मिळून १६ चिन्हांचा असतो. बाईच्या जन्मतारखेत ४० मिळवतात, म्हणजे १२ तारीख असेल तर ५२ दिसेल, आणि भारतात जन्म म्हणून Z२२२ हवं. इथली चूक पुढे बँक, डॉक्टर, भाडेकरार सगळीकडे नडते.

गाडी चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून जा. रहिवासी नोंद झाल्यावर आपला परवाना वर्षभरच चालतो आणि बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा इटालियनमधून, ३० प्रश्न, २० मिनिटं, चुका फार तर ३.

कर्वेनगरी
सगळ्यांचे आभार, आईला हे वाचून दाखवलं. तुपावरून माघार घेतली, आता कुकर आणि मिक्सरवर आली आहे. नेऊ?

खपली_गहू
मिक्सर न्या. वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आपल्यासारखीच. पिन बसत नाही, तिकडे तीन पिना एका रेषेत असतात, मधली अर्थिंगची. ॲडॉप्टरवर ७५० वॅटचा मिक्सर रोज चालवण्यापेक्षा प्लगच बदलून घ्या.

कुकर नको. शेगडी इंडक्शनची निघाली तर ॲल्युमिनियमचा तापणारच नाही. तिकडच्या कुकरला शिट्ट्या नसतात, वाफ एकसारखी फुसफुसते. फुसफुस सुरू झाली की आच कमी करायची आणि घड्याळ लावायचं: भिजवलेली तूरडाळ १२ मिनिटं, भात ५-६. आणि घराच्या वीजजोडणीची क्षमता बहुधा ३ किलोवॅटच असते. ओव्हन, वॉशिंग मशीन आणि इंडक्शन एकदम लावलंत की मीटरचा खटका पडून वीज जाते. मीटर कुठे आहे ते घर घेतानाच विचारून ठेवा, पुष्कळदा तळघरात असतो.