मदत हवी आहे: टोकन आणि सर्टिफिकेटची जुळणी नक्की कुठे करायची?
ब्रिटनमधल्या एका छोट्या बँकेचे ओपन बँकिंग एपीआय (ग्राहकाच्या संमतीने बाहेरच्या ॲपना खाती-पेमेंट वापरू देणारे दुवे) बांधतोय. ऑथरायझेशनला, म्हणजे ॲपना टोकन (प्रवेशाचा डिजिटल परवाना) द्यायला, कीक्लोक सर्व्हर, त्यातलंच फॅपी १ ॲडव्हान्स्ड प्रोफाइल (आर्थिक एपीआयसाठीचे कडक सुरक्षा नियम). सगळ्याच्या पुढे गेटवे म्हणून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर, टीएलएस (एन्क्रिप्टेड कनेक्शन) तिथेच संपतं. क्लायंट सर्टिफिकेट (ॲपचं डिजिटल ओळखपत्र) हेडरमधून कीक्लोककडे जातं आणि टोकनमध्ये त्याचा एसएचए-२५६ थंबप्रिंट (सर्टिफिकेटवरून काढलेला छोटा ठसा) येतो. (बाहेरून कोणी तोच हेडर घुसवला तर एनजिनएक्स खोडतं, हे तपासलंय.)

अडलंय पुढे. खाती आणि पेमेंटच्या सर्व्हिसना सर्टिफिकेट दिसतच नाही, त्यामुळे एका ॲपचं टोकन दुसऱ्या ॲपच्या सर्टिफिकेटवर सर्रास चालतं! एनजिनएक्समध्ये लुआ स्क्रिप्ट लिहून अडवता येतं, पण ती सांभाळणार कोण? सर्व्हिस मेशला (सर्व्हिसमधली रहदारी सांभाळणारा वेगळा थर) सध्या बजेट नाही.

आरएफसी ८७०५ (टोकन सर्टिफिकेटला बांधण्याचं मानक) मधली ही थंबप्रिंट जुळवण्याची तपासणी गेटवेवर एकदाच केली तर सिक्युरिटी ऑडिटमध्ये चालते, की प्रत्येक सर्व्हिसमध्ये करावीच लागते? प्रत्यक्ष केलेल्यांनी सांगाल का?