नकाशाच्या पाटीवर १९११ कुणी घातलं?

ए-२०१: सेक्रेटरीसाहेब, सोसायटीच्या प्रदर्शनाच्या पाटीवर "१९११चा युद्धनकाशा"? नकाशा आमच्या आजेसासऱ्यांचा, ते तेव्हा जन्मले तरी होते का! पाटी बदला.

सेक्रेटरी: वहिनी, नकाशाच्या खाली १९११ स्पष्ट छापलंय. मी मनाचं काही घातलेलं नाही.

सी-३०२: आधी लॅमिनेशन करून घ्या. पोवई नाक्यावर लगेच होतं.

सी-१०४: १९११ हे इटालियन मोजणीचं साल. ब्रिटिशांनी तोच नकाशा उचलून जीएसजीएस ४२२८ या आपल्या लष्करी नकाशांच्या मालिकेत छापला. १:२५,०००, म्हणजे १ सेंमीला २५० मीटर. एकाच कागदावर मोजणी, दुरुस्ती, होकायंत्राचा फरक (त्याची उत्तर आणि खरी उत्तर यांतला), छपाई अशी तीन-चार सालं असतात. सगळ्यांत उशिराचं धरायचं, कागद त्याआधीचा असूच शकत नाही. खालच्या समासाचा फोटो टाका, तिरका नको.

ए-२०१: 📷 घडीवर "२०००/८/४४" आहे, पुढे बारीक इंग्रजी अक्षरं.

सी-१०४: सापडलं. २००० प्रती, ऑगस्ट १९४४. अक्षरं छापणाऱ्या सर्व्हे तुकडीची. जांभळ्या खुणा म्हणजे शत्रूचे मोर्चे, म्हणजे लढायच्या जागा, छापील शीटवर नंतर चढवलेले. त्यांच्या बाजूला वेगळी तारीख असेल.

ए-२०१: हो! १८ मार्च ४५.

बी-४०१: म्हणजे इटलीतल्या सेनिओ नदीची लढाई! नामदेव जाधव, व्हिक्टोरिया क्रॉस, ९ एप्रिल १९४५. आपल्या साताऱ्याचे 🚩

ए-१०३: नगरकडचे हो ते.

बी-४०१: तुम्ही चुका काढायलाच बसलेले असता. पार्किंगचा हिशोब मागितला की मात्र ऑफलाइन.

सी-१०४: भांडण खाली गेटवर करा. वहिनी, शीटवर नदीचं नाव काय आहे?

ए-२०१: सांतेर्नो.

सी-१०४: ती सेनिओच्या पुढची. पाटीवर लढाईचं नाव नको.

बी-२०२: पण झेरॉक्स नाही कशावरून? असले नकाशे ऑनलाइन ढिगाने मिळतात. सहज विचारलं.

ए-२०१: आमच्या ट्रंकेत झेरॉक्स? बरं.

सी-१०४: शंका रास्त आहे. भिंगातून तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, बघा. अस्सल छपाईत रेघ सलग दिसते, स्कॅनवरून काढलेल्या प्रतीत ती रंगीत ठिपक्यांत फुटते. मग अंधारात नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च, दोन सेकंद. कागद निळसर पांढरा झगमगला तर संशय घ्या; ते चकाकीचं रसायन कागदात साधारण १९५० नंतर सर्रास आलं.

ए-२०१: रेघ सलग. कागद मळकटच राहिला. बी-२०२, वाचलंत ना?

बी-२०२: 🙏

सी-३०२: लॅमिनेशनचं काय ठरलं?

सी-१०४: नको म्हणजे नको. तापलेल्या प्लास्टिकचा चिकट थर कागदात मुरतो, परत निघत नाही. सेलोटेप नको, इस्त्री तर मुळीच नको. टीपकागदात घालून वर जड काच, आठवडाभर. प्रदर्शनात रंगीत प्रत लावा, मूळ कपाटात.

सेक्रेटरी: नवीन मजकूर: "इटलीचा लष्करी नकाशा. मोजणी १९११, छपाई ऑगस्ट १९४४, मोर्चांची माहिती १८ मार्च १९४५ची." चालेल? आणि जुन्या पाटीचे २४० रुपये कुठल्या खात्यात दाखवू?

ए-१०३: पार्किंगच्या.

सी-३०२: निदान पाटी तरी लॅमिनेट करा.